चौथी चिठ्ठी

लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्या बाईंची शनिवारी इंग्रजीची परीक्षा होती आणि परीक्षक होते खुद्द मालक. एका हॉटेलचं काम मिळणार होतं, तेव्हा काउंटरवर इंग्रजी जाणणारं माणूस हवं होतं. मालकांनी आपलं शाळेतलं व्याकरणाचं पुस्तक हुडकून काढलं आणि फर्मान सोडलं, "वाक्यांचे चार प्रकार ओळखा, काउंटरची खुर्ची तुमची." बारा वर्षं उभ्याने इस्त्री केलेल्या बाईंचा त्या खुर्चीवर भारी जीव होता.

लेकीने चार वाक्यं लिहून दिली, तीही हाताशी होत्या त्या कपड्यांना लावायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर. गुरुवारी बाई इस्त्री करता करता ती घोकत होत्या. पण चिठ्ठी दिसली की कपड्याला टाचायची, ही बारा वर्षांची सवय. तोंड घोकत होतं, हात टाचत होते.

शनिवारी दुकान उघडतंय तोच बँकेतले कारकून दत्त म्हणून हजर.

"माझ्या पँटला मागे 'सिट डाउन' कोणी लावलं? मीटिंगमध्ये बोलायला उभा राहिलो, तर सगळे खो खो हसायला लागले!"

मागोमाग एक वहिनी नवऱ्याचा कोट नाचवत आल्या. "'व्हेअर वेअर यू लास्ट नाइट?' म्हणे! मी विचारलं, तर हे म्हणतात लॉन्ड्रीवालीलाच विचार!"

तिसऱ्या निवृत्त नर्सबाई. त्या मात्र लाजत होत्या. "'व्हॉट अ ब्यूटिफुल ड्रेस!' मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं हो. दर आठवड्याला लावाल?"

तेवढ्यात मालक आले. बाईंना वाटलं, खुर्ची तर गेलीच, आता इस्त्रीही जाणार! मालकांनी तिन्ही चिठ्ठ्या काउंटरवर मांडल्या.

"पुस्तक राहू दे. ओळखा."

बाईंनी चिठ्ठ्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी कारकुनांचा पडलेला चेहरा पाहिला. "आज्ञार्थी." वहिनींच्या भुवया पाहिल्या. "प्रश्नार्थी." नर्सबाई अजून हसतच होत्या. "उद्गारार्थी."

"आणि ही?" मालकांनी खिशातून चौथी काढली. "माझ्या सदऱ्याला होती. 'माय मदर सिट्स ॲट द काउंटर.' माझी आई कशाला बसेल इथे?"

"तुमची नाही, मालक. माझ्या लेकीची."

"प्रकार?"

"विधानार्थी." बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. "म्हणजे... जे आहे ते सांगणारं."

"पण तुम्ही अजून कुठे बसलाय तिथे?"

मालकांनी खुर्ची पुढे ओढली, कारकुनांची चिठ्ठी उचलली आणि बाईंच्या हातात ठेवली.

बाईंनी ती वाचली आणि बसल्या.