प्रज्ञाताईंचं वाळतं झाड

आपला दावा आहे: कुठल्याही माणसाला तीन तासांत कलारसिक करून दाखवतो! फक्त तो माणूस आपला सासरा नसावा, हे मला आधी कोणी सांगितलं नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे नत्थूजी, पांढुर्ण्याचे. सारा जन्म संत्र्यात गेलेला. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली, पण माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून एकदाही 'चांगलं' निघालं नाही. कथा लिहितो म्हटलं की विचारतात, "हो, पन काम काय करता?"

सौंसरच्या बाहेर एका जुन्या बागेत प्रज्ञाताईंचं कलाकेंद्र आहे. रविवारी तिथे माझं कथावाचन होतं. बेत साधा: आधी मामाजींना जागेची गोडी लावायची, रविवारी पहिल्या रांगेत बसवायचं आणि तो एक शब्द मिळवायचा!

"बाबाले एकटं सोडू नोका," सुचिता म्हणाली. बायकोचं ऐकेल तो लेखक कसला!

चित्रं.

फरशीवर ऊन सांडलेलं. खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास येत होता. वाटत होतं, चित्रंच श्वास घेताहेत. एका काळ्याभोर चित्रापुढे मामाजी थांबले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. डोळ्यांत पाणी!

"काय वाटते, मामाजी?"

"कोळशी," ते हळहळले. "सारी पानं काळी केली रोगानं. पूरा बगीचा गेला बिचाऱ्याचा."

"मामाजी, कला दुरून पाहायची नसते. तिच्यात हात घालायचा असतो!"

(हे वाक्य खोडायचं होतं. आता उशीर झाला.)

पुस्तकं.

पंखा संथ फिरत होता. उघड्या पुस्तकांची पानं आपोआप उलटत होती. मी माझं पुस्तक मामाजींच्या हाती दिलं आणि पहिल्या ओळीला त्यांचा चेहरा कसा उजळतो हे पाहता पाहता

झोपलो.

स्वप्नात रविवार होता. कपाटांतून फुलं उगवलेली, मामाजी ढगाएवढे मोठे, आणि टाळ्या! कट्. कट्. टाळ्या अशा काऊन वाजून राहिल्या? कट्!

बाग.

शिडीवर मामाजी, हातात माळ्याची कात्री. खाली वाळक्या काड्यांचा ढीग. आणि वर प्रज्ञाताईंचं ते वाळतं झाड, म्हणजे या केंद्रातलं सगळ्यात नावाजलेलं शिल्प, सलूनमधून आल्यासारखं!

"मामाजी! हे काय करून राहिले?"

"सल काढून राहिलो, बापा! वाळल्या काड्या ठेवल्या तं झाड मरते. एवढे लोकं येऊन राहिले, फोटो काढून राहिले, अन् एकाच्याही डोक्यात आलं नाही!"

मागे प्रज्ञाताई उभ्या होत्या. रंग चित्रांपेक्षा फिका.

"काका, ते माझं शिल्प होतं. दोन वर्षं मी त्याच्या मरणाचे रोज फोटो काढतेय."

"मंग पानी काऊन नाही टाकलं, पोरी?"

"मरावं म्हणून!"

मामाजी शिडीवरून उतरले. इतकं गोंधळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "चूक झाली, बाई. आता तं ते जगीन. पन या जवाईबापूनंच सांगतलं, कलेत हात घाला म्हनून."

प्रज्ञाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काड्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

तेवढ्यात चित्रं पाहायला आलेल्या दोन शेतकऱ्यांनी मामाजींना घेरलं. "काका, आमच्या झाडाले डिंक सुटून राहिला." "काका, बहार गळून राहिला." मामाजी मांडी घालून बसले. तासाभरात पंचवीस माणसं झाली! केंद्राच्या इतिहासात इतकी गर्दी पहिल्यांदाच. प्रज्ञाताईंचा राग हळूहळू हिशेबी झाला.

"रविवारी काकाच बोलतील," त्या म्हणाल्या. "तुमचं वाचन वेळ उरला तर."

रविवारी जामसांवलीपासून लोक आले. मामाजी दोन तास बोलले. मधेच एकाने विचारलं, "जवाई काय करते तुमचा?"

माझा श्वास थांबला. फुलांचा वास थांबला. मामाजींनी चहा संपवून ओठ पुसले, माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तो शब्द उच्चारला,

"चाय चांगली करते."

वेळ उरला नाही. मी पुन्हा आधण ठेवलं.