चौसष्ट किलोंची अमेरिका

बेनी तुस्कानोने अमेरिका पाहिलेली नव्हती, पण ह्यूस्टनला जाणारा माणूस त्याच्या टेबलापाशी हजेरी लावल्याशिवाय विमानात बसत नसे. कतारमधल्या अल खोरच्या गॅस कंपनीत तो प्रवास विभागाचा कारकून. तिकिटं काढायची, व्हिसाचे कागद पाठवायचे, हे त्याचं काम. सल्ला देणं ही हौस. ह्यूस्टनहून ट्रेनिंग संपवून परत आलेल्या प्रत्येकाला चहा पाजून तो सगळं विचारून घेई. कुठल्या हॉटेलात इस्त्री खोलीतच असते, कुठल्या दुकानात कढीपत्ता मिळतो, रस्ता ओलांडायला खांबावरचं बटण कसं दाबायचं, हे वसईच्या ह्या गृहस्थाला तोंडपाठ होतं. स्वतः तो बहारीनच्या पलीकडे गेलेला नव्हता, पण ते विचारायचं कुणाला सुचत नसे आणि तोही आपणहून सांगत नसे.

दोन हजार चार सालच्या ऑक्टोबरात त्याच्यासमोर आबासाहेब येऊन बसले. वेल्डिंगचे फोरमन, मूळचे साताऱ्याकडचे, कतारमध्ये अकरा वर्षं. कंपनीच्या कागदावर ते अजून ‘बॅचलर’ होते. गावी बायको आणि कॉलेजात जाणारी दोन मुलं असलेला माणूस बॅचलर कसा, असं कुणी विचारेल. पण ज्याच्या ग्रेडला बायको आणायची परवानगी नाही तो बॅचलर, असा तिथला हिशेब होता. फॅमिली व्हिसाचा त्यांचा अर्ज बेनीनेच चार वेळा भरला होता आणि चारही वेळा तो परत आला होता.

“आबा, ह्या वेळी चान्स आहे,” बेनी म्हणाला. “तीन आठवड्यांचं ट्रेनिंग. परीक्षा पास झालात की सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे फॅमिली स्टेटस. केसरवहिनी इथे. खलास!”

“आन नापास झालो तर?”

“होत नाही. फक्त सोमवारी सकाळी तिथे हजर पाहिजे. बॅच चुकली तर पुढची एक वर्षानं.”

आबासाहेबांनी मान हलवली. “सुट्टीला गेलो की दारातलं कुत्रं बी भुकतंय माझ्यावर, बेनीभाऊ. आता बास झालं.”

बेनीने तिकीट पुढे केलं आणि मोठ्या आवाजात सांगितलं, “आणि सामान बघा! अमेरिकेला दोन बॅगा. प्रत्येकी बत्तीस किलो. चौसष्ट किलो, आबा!”

चूक झाली ती इथेच. चौसष्ट हा आकडा असा मोठ्याने बोलायचा नसतो. आखातातल्या माणसाला सुट्टीला जाताना मिळतात वीस, फार तर तीस किलो. त्यासाठी तो काउंटरवर हात जोडतो, अंगावर तीन शर्ट चढवतो. त्यात कुणी गावी निघालं की ओळखीपाळखीच्या प्रत्येकाने त्याच्याकडे एक पुडकं द्यायचं, ही तर रीतच. शेजारच्या टेबलावर बसलेला प्लॅनिंगचा इंजिनिअर चेतन खुर्चीतून अर्धा उठला.

“चौसष्ट? आणि आबासाहेब नेणार काय?”

संध्याकाळी चेतन आणि त्याची बायको मोनाली कामगारांच्या कॅम्पवर आबासाहेबांच्या खोलीत हजर. चेतनचा भाऊ शिकागोला, दिवाळी पंधरा दिवसांवर. मोनालीच्या हातात फराळाचे डबे होते: चकली, अनारसे, दोन प्रकारचे लाडू.

“शिकागो ह्यूस्टनच्या जवळ हाय का?” आबासाहेबांनी विचारलं.

“एकाच देशात आहे हो,” चेतन म्हणाला. “तिथून पोस्टात टाकायचं फक्त. बॅगेत हे काय, जॅकेट? ह्यूस्टन आपल्या दोह्यासारखंच गरम असतं. नका नेऊ!”

जॅकेट बाहेर आलं, फराळ आत गेला. आबासाहेब म्हणाले, “ठेवा की.” मागच्या सगळ्या अर्जांचं इंग्रजी चेतननेच तर नीट करून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅम्पच्या दवाखान्यातली नर्स फातिमा आली. मूळची रत्नागिरीची, धाकटी बहीण डॅलसला. ईद आणि दिवाळी त्या वर्षी हातात हात घालूनच आल्या होत्या, म्हणून भाचीसाठी ईदचे तीन झगे आणि पाच किलो खजूर.

“आबाभाय, ही चादर नि टॉवेल कशाला नेताव? हॉटेलात सगला देतात!”

चादर, टॉवेल बाहेर. आबासाहेबांचा हात भाजला होता तेव्हा फातिमाने महिनाभर रोज पट्टी बदलली होती. “ठेवा की,” आबासाहेब म्हणाले.

मग वेल्डिंगच्या शेडमधले लोक आले. कुणाचा साडू न्यूजर्सीला, कुणाचा वर्गमित्र कुठे तेही नक्की माहीत नाही, “पण तो फोन करील तुम्हाला.” प्रत्येकाकडे एक पुडकं आणि एक सल्ला, आणि सल्ला असा बेतलेला की पुडक्याएवढी जागा मोकळी व्हावी. हेल्मेट नेऊ नका, तिथे नवं देतात. बूट एकच जोड पुरे. परीक्षेची वही? अमेरिकेत सगळं कॉम्प्युटरवर!

बेनी हे सगळं ऐकून कासावीस झाला. “आबा, नाही म्हणायला शिका!” हे तो घरी ताटावर बसून बोलत होता आणि समोर त्याची बायको जॅनेट शांतपणे सुके बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“हे कुणाला?” बेनीने विचारलं.

“गॅव्हिनला. माझा सख्खा भाऊ ह्यूस्टनमध्येच राहतो. बाकीच्यांसारखं नाय माझं, मी तर पत्त्यावरच पाठवते.”

“जॅनेट, त्या माणसाच्या बॅगेत त्याचं स्वतःचं काय उरलंय?”

“मी सांगितलं आबाभाऊंना, भाकरीचं पीठ न् ठेचा नेऊ नका. गॅव्हिन जेवायला बोलवेल.”

बेनी खाली मान घालून जेवू लागला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती.

बुधवारी दवाखान्याच्या काट्यावर बॅगा चढवल्या, तेव्हा मोनालीने नाक मुरडलं. “हा कसला वास? माझ्या अनारशांना बोंबलाचा वास लागणार!”

“बोंबील नीट बांधलेत,” जॅनेट म्हणाली. “तुमच्या चकलीचं तेल माझ्या पुडक्याला लागतंय, ते बघा आधी.”

प्रकरण फार चिघळू नये म्हणून बेनीने तोडगा काढला. एक बॅग शाकाहारी, एक मांसाहारी. शाकाहारी बॅगेत फराळ, खजूर, झगे. मांसाहारी बॅगेत बोंबील आणि ज्यांनी आत काय आहे ते सांगितलं नव्हतं अशी सगळी पुडकी. एक भरली बत्तीस, दुसरी एकतीस किलो नऊशे. उरलेल्या शंभर ग्रॅमवर कुणीतरी हिंगाची डबी ठेवून दिली. आबासाहेब कोपऱ्यात उभे राहून सगळ्यांना पाणी देत होते. फातिमाला मात्र नाही, तिचा रोजा होता.

रात्रभर बेनीला झोप लागली नाही. सामानाचं एक वेळ सोडा, पण अमेरिकेच्या विमानाआधी काउंटरवर एक प्रश्न विचारतात, तो त्याला आठवला होता. बॅग तुम्हीच भरली का? कुणी काही दिलंय का न्यायला? उत्तर चुकलं तर विमान गेलं, बॅच गेली, केसरवहिनींचं वर्ष गेलं. आणि चौसष्ट किलोंचा गवगवा केला होता बेनीनेच. सकाळी उठून त्याने आबासाहेबांना समोर बसवलं.

“विचारलं, बॅग कुणी भरली, तर?”

“मी.”

“येस सर, मायसेल्फ. आणि कुणी काही दिलंय का?”

“दिलंय की.”

“नाही! नो सर! कुणीच नाही!”

“बरं.”

दोन दिवस हा पाठ चालला. आबासाहेब दर वेळी “बरं” म्हणत, आणि त्यांच्या त्या ‘बरं’चा अर्थ काय, ते बेनीला विमानतळावर जाईपर्यंत कळलं नाही.

शनिवारी सकाळी कंपनीच्या मिनीबसमधून अख्खा गोतावळा दोह्याच्या विमानतळावर आला. म्हणायला निरोप द्यायला. खरं तर आपापलं पुडकं नीट रवाना होतंय ना ते बघायला. दोरीच्या अलीकडे सगळे ओळीने उभे राहिले. काउंटरपाशी सिक्युरिटीचा माणूस होता, छातीवर नाव नसरुद्दीन, बोली अस्सल हैदराबादी. त्याने पासपोर्ट उघडला.

“बॅगाँ तुम भरे क्या मियाँ?”

बेनीने ओठांनीच ‘येस सर’ म्हणून दाखवलं.

“नहीं साब,” आबासाहेब स्वच्छ आवाजात म्हणाले. “मैंने एक चीज नहीं भऱ्या. ये सब मेरे मान्सं लोग ने भऱ्या. वो देखो, उधर खडे हैं.”

आणि त्यांनी हात लांब करून पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं एकेकाला दाखवलं. “वो चेतनसाब, लाडू उनका. वो फातिमाताई, खजूर. वो जॅनेटवहिनी, मच्छी सुक्या. उसके पीछे जो लपता है ना, उसने क्या दिया मेरे को मालूम नहीं.”

नसरुद्दीनचा पेन हवेतच राहिला. त्याने वायरलेसवर कुणाला तरी कळवलं, बॅगा बाजूच्या टेबलावर घेतल्या आणि दोरीकडे पाहून हात हलवला. “आओ, आओ, सब आओ. यल्ला!”

चेतन खांबामागे सरकत होता, मोनालीने त्याला पुढे ढकललं. बॅगा उघडल्या. मांसाहारी बॅग उघडली तेव्हा मागची रांग आपोआप चार पावलं मागे गेली. काउंटर बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. गळ्यातल्या क्रॉसला हात लावून बेनी देवाला म्हणाला, पुन्हा कधी कुणाला सल्ला देणार नाही, एवढ्या वेळी ह्या माणसाला जाऊ दे.

“देखो,” नसरुद्दीन म्हणाला, “भेजना है तो भेजो. ये फॉर्म भरो. नाम, पासपोर्ट नंबर, कंपनी का नाम, अंदर क्या है. अमेरिका में कुछ पूछे तो तुमकू बुलाएँगे.”

फॉर्मची थप्पी टेबलावर पडली. चेतन घड्याळ बघत म्हणाला, “भाऊ तसा गोड खात नाही हल्ली. शुगर आहे.” त्याने डबे उचलले. फातिमाला आठवलं, की भाचीच्या मापाचा काय तो भरवसा नाही. ज्याने आत काय आहे ते सांगितलं नव्हतं त्याने आपलं पुडकं बगलेत मारलं आणि तो थेट पार्किंगकडे गेला. सगळ्यांत शेवटी जॅनेट. तिने फॉर्म हातात घेतला, वाचला, परत ठेवला आणि बोंबील उचलून बेनीच्या हातात दिले. जणू सगळं त्यानेच केलं होतं.

टेबलावर दोन रिकाम्या बॅगा आ वासून पडल्या होत्या.

“मियाँ, तुम्हारा खुद का क्या है?” नसरुद्दीनने विचारलं.

आबासाहेबांनी ट्रॉलीच्या खालच्या फळीवरून एक कॅनव्हासची पिशवी काढली. कपडे, हेल्मेट, हातमोजे, बुटांचे दोन जोड, परीक्षेची वही, जॅकेट, चादर, टॉवेल, पीठ आणि ठेच्याची बाटली. काट्यावर चौदा किलो. नसरुद्दीनने स्वतःच्या हाताने तिला सामानाची पट्टी बांधली.

“बारा साल से ये सवाल पूछ रऊँ,” तो म्हणाला, “सच बोलने वाला पैला आदमी मिला. जाओ, खिडकी की सीट दिया तुमकू.”

बोर्डिंग पास हातात आला तेव्हा कुठे बेनीला बोलता आलं. “आबा! पिशवी आधीपासून भरली होती? मग लोकांना ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“येकेकाला न्हाय म्हनायचं म्हंजी येकेकाची नाराजी. उपकार हायत हो त्यांचे,” आबासाहेब म्हणाले. “तुमीच म्हनला न्हवं, कौंटरवर इचारत्यात? म्या म्हटलं, मग त्यो सायबच म्हनंल न्हाय. सगळ्यांस्नी येकदमच.”

“आणि मी दोन दिवस पाठ करून घेतलं ते?”

“तुमचं मन मोडवंना, म्हनून बरं म्हटलं.”

बेनी एवढ्या मोठ्याने हसला, की हातातले बोंबील खाली पडले.

आबासाहेब सोमवारी वेळेवर हजर झाले. तीन आठवड्यांनी ह्यूस्टनहून फॅक्स आला: बॅचमध्ये पहिला नंबर. बेनीने तो फॅक्स स्वतः तीन मजले चढून मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. पाचव्यांदा भरलेला अर्ज जानेवारीत शिक्का घेऊन परत आला, तेव्हा आबासाहेबांनी तो कागद दोन्ही हातांत धरला आणि मग डोळे पुसले. बेनीनेही पुसले.

मार्चमधल्या एका दुपारी दोघे विमानतळाच्या बाहेर पडायच्या दारापाशी उभे होते. काउंटरवर अमेरिकेला न घाबरलेला माणूस आता दर मिनिटाला घड्याळ बघत होता. केसरबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या. महिनाभर रोज फोनवर आबासाहेबांनी त्यांना सूचना दिल्या होत्या: पट्टा कसा लावायचा, कुठल्या रांगेत उभं राहायचं, कागद कुणाला दाखवायचे, कुणाशी बोलायचं नाही.

“चाळीस गोष्टी सांगितल्यात, बेनीभाऊ,” ते म्हणाले. “येखादी इसरली तर? मला आत बी जाऊ देईनात.”

काचेचं दार उघडलं. त्या विमानातून सगळ्यांत आधी बाहेर आल्या त्या केसरबाई. ट्रॉली ढकलायला एक कतारी पोलीस आणि बाजूला, नऊवारीचा पदर धरून, विमानात ओळख झालेली फिलिपिनो बाई. केसरबाईंनी त्या दोघांचा नीट निरोप घेतला, मग नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“किती वाळलाय!” त्या म्हणाल्या.

“तू... सगळं जमलं? म्या सांगितलेलं ध्यानात ऱ्हायलं?”

“त्यातलं येक बी न्हाय. मुंबईतच इसरले सगळं,” केसरबाई म्हणाल्या. “तोंड हाय की मला. इचारत इचारत आले.”

आबासाहेब हसत ट्रॉलीकडे वळले. गाडी कुठे लावली आहे, जिना कुठल्या बाजूला आहे, उन्हापासून कसं जपायचं, असं बेनीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ते सगळं गिळून त्याने केसरबाईंना नमस्कार केला आणि त्या चालतील तिकडे मुकाट्याने मागोमाग निघाला.