झुबकीचं खवट पान

एका जंगलात, बाळांनो, दर बुधवारी बाजार भरायचा. मोहाच्या भल्यामोठ्या झाडाखाली. त्या झाडाची सावली इतकी दाट, की वर घिरट्या घालणाऱ्या शिक्र्याला खालचं काहीच दिसायचं नाही. शिक्रा म्हणजे तो पक्षी, जो खारी खातो. घाबरू नका, तुम्ही खारी नाही आहात. पण झुबकी होती.

झुबकी खार त्या सावलीत चारोळी विकायची. चारोळीचं कवच भलतं टणक. झुबकी ते दातांनी फोडायची, आतला दाणा हुंगायची. चांगला दाणा पळसाच्या एका पानावर, खवट दाणा दुसऱ्या पानावर. आणि हे दुसरं पान ती गिऱ्हाइकाच्या अगदी समोर मांडायची. तिची आई सांगून गेली होती, "खवट लपवलं की गिऱ्हाइकाला वाटतं, मिसळलं. समोर ठेव, म्हणजे ते निर्धास्त."

आईच्या काळातली गिऱ्हाइकं निर्धास्त व्हायची. आताची नाक मुरडायची.

"ई! खवट आहे की गं तुझ्याकडे," अस्वलीणकाकू म्हणाल्या.

"ते वेगळं काढलंय, काकू. तुम्हाला हे चांगलं देते."

"पण आहे ना तुझ्याकडे? तो समोरचा हुप्पाशेट बघ. एक खवट दाणा दिसेल तर शपथ!"

दिसणार कसा? हुप्पाशेट वानर दाणा हुंगायचाच नाही. सगळं एकत्र टाकायचा, वर चांगल्या दाण्यांचा एक थर पसरायचा आणि पाटी लावायचा, 'आमच्याकडे खवट मिळत नाही.'

आता त्या बाजाराचा एक नियम होता. लागोपाठ तीन बुधवार ज्याचा माल हलला नाही, त्याने सावलीतली जागा सोडायची आणि ओढ्यापलीकडच्या माळावर बसायचं. माळावर झाड एकच. तेही वाळलेलं. त्याच्या शेंड्यावर शिक्रा बसायचा.

झुबकीचे दोन बुधवार कोरडे गेले. मग पान सळसळलं तरी तिची शेपटी ताठ व्हायला लागली. स्वतःच्याच सावलीला ती दोनदा दचकली आणि एकदा तर तिची माफीही मागितली.

मधल्या शनिवारी जंगलात उद्योजकता शिबिर झालं. मार्गदर्शक होते मोर सर. बाजाराच्या जागा वाटणारेही तेच. मोर सरांनी आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं, त्यामुळे धंद्याबद्दल ते अगदी मोकळ्या मनाने बोलू शकायचे.

"पारदर्शकता!" मोर सर पिसारा फुलवून म्हणाले. "पारदर्शकता हा धंद्याचा आत्मा आहे."

झुबकीने भीत भीत हात वर केला. "सर, मी खवट दाणे सगळ्यांसमोर ठेवते. तरी गिऱ्हाईक येत नाही."

"अगं, आत्मा कधी कुणाला दिसतो का?" मोर सर म्हणाले. "पुढचा प्रश्न."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झुबकीनेही वाजवल्या. नाहीतर न वाजवणारी ती एकटीच दिसली असती.

तिसरा बुधवार आला. झुबकीने पहाटेपासून दाणे निवडले. चांगलं पान भरलं, खवट पान भरलं. खवट पान आज मागे ठेवावं असं तिला फार वाटलं. तिने ते मागे ठेवलं. मग आई आठवली. पुन्हा पुढे ठेवलं.

तेवढ्यात तिच्या कानामागे कुणीतरी केवढ्याने तरी केकाटलं. मोर सर तपासणीला आले होते.

झुबकी हातभर उडाली. खाली आली ती थेट दोन्ही पानांवर. खवट आणि चांगलं, सगळं एक झालं.

"आज विक्री बंद!" ती रडवेली होऊन म्हणाली. "सगळं मिसळलंय हो. खवट निघेल."

अस्वलीणकाकूंच्या घरी नातीचं बारसं होतं आणि चुलीवर खीर उकळत होती, म्हणून त्या घाईघाईने चारोळी न्यायला आल्या होत्या. "बंद कशी? कुणासाठी राखून ठेवलीस गं?" असं म्हणत त्यांनी त्या ढिगातली मूठभर तोंडात टाकली.

झुबकीने डोळे गच्च मिटले.

"अगं बाई!" अस्वलीणकाकू ओरडल्या. "आज कुठे तुझ्या चारोळीला चव आली! नाहीतर तुझं ते मेलं मिळमिळीत. त्याला चारोळीचा वासच नसायचा."

"काकू, तो वास खवटाचा आहे."

"मला शिकवू नकोस. दहा वर्षं हुप्पाशेटकडची खातेय. चारोळी ओळखते मी."

अस्वलीणकाकू म्हणाल्या म्हटल्यावर रांग लागली. झुबकी प्रत्येकाला सांगत होती, "यात खवट आहे बरं का." प्रत्येक जण म्हणत होता, "किती विनयशील!" दुपारपर्यंत पान चाटूनपुसून साफ.

मोर सरांनी तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'या दुकानात खवट दाण्यांचं पान आढळलं नाही.' आणि सावलीतली जागा कायमची झुबकीच्या नावावर केली. वर 'निर्भेळ विक्रेती' असा एक फलकही दिला.

झुबकी अजून तिथेच बसते, बाळांनो. अजून एकेक दाणा हुंगते, अजून दोन पानं मांडते. सवय जात नाही. फक्त समोरच्या पानावर आता मिसळलेलं असतं, आणि चांगल्या दाण्यांचं छोटं पान असतं मागे, फलकाच्या आड. ते ती घरी खाते. गिऱ्हाईक मान लांब करून मागे डोकावलं, की ती दचकते आणि म्हणते, "काही नाही हो, ते जरा खराब आहे."

तात्पर्य : धंद्यात सचोटी हवीच, मुलांनो. पण ती फलकाच्या मागे, नीट झाकून ठेवावी. गिऱ्हाइकाला दिसली, तर ते नाक मुरडतं.