वरची ग्रेड, वरची पायरी

दोन गोष्टींतली एक निवडायची वेळ आली की आमच्या कराडच्या ऑफिसातले जगदाळे भाऊसाहेब आधी चष्मा काढतात, सदऱ्याला पुसतात आणि विचारतात, "ग्रेड का पायरी?" मग विषय पगाराचा असो नाहीतर वांग्यांचा.

बाहेरच्या माणसासाठी सांगते. सरकारी नोकरीत प्रत्येक पदाला एक ग्रेड असते आणि त्या ग्रेडमध्ये दर वर्षी माणूस एक पायरी चढतो. बढती मिळाली की ग्रेड वाढते, पण नव्या ग्रेडमध्ये बहुधा खालच्याच पायरीवर बसावं लागतं. बढती आज घ्यावी की जुन्या ग्रेडची आणखी एक पायरी पदरात पाडून मग घ्यावी, यावर भल्याभल्यांची झोप उडते. अशी माणसं इस्लामपूरहून, लोणंदहून भाऊसाहेबांकडे येतात. भाऊसाहेब आकडे मांडतात आणि निकाल देतात. अपील नाही.

मे महिन्यात आंबेवाल्यानं सहज विचारलं, "हापूस देऊ का पायरी?" भाऊसाहेब इतके गंभीर झाले की त्यानं मागची तीन गिऱ्हाइकं आधी वाटेला लावली.

शिपाई बाबूरावांच्या पुतणीला दोन स्थळं आली. एक नुकताच लागलेला इंजिनिअर, दुसरा मुरलेला तलाठी.

"पहिला ग्रेडनं वर, पर पायरीला कच्चा," भाऊसाहेब म्हणाले. "दुसरा पायरीनं भक्कम, पर त्याची ग्रेड हितंच संपती. पोरीला काय वाटतंय?"

"तिला तिसराच आवडतोय."

भाऊसाहेबांनी चष्मा पुन्हा घातला. "मग आपला विषयच न्हाई."

गेल्या वर्षी खुद्द त्यांचीच बढती आली. ग्रेड वरची, टेबल सांगलीचं. नकार द्यायचा तर शुक्रवारपर्यंत, लेखी. भाऊसाहेब म्हणाले, "तिकडं जाऊन खालच्या पायरीवर बसायचं, त्यापरीस हितं वरच्या पायरीवर लय बरा हाय मी."

सगळ्या ऑफिसला पटलं. मला पटलं नाही, कारण हे गणित मला त्यांनीच शिकवलं होतं आणि ते कसंही मांडलं तरी उत्तर सांगलीच येत होतं. आमच्या साहेबांनाही तीच शंका. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला भाऊसाहेबांच्या घरी समजूत घालायला पाठवलं.

दारातच भाऊसाहेबांनी माझ्या चपला उचलून कडेला ठेवल्या. मी भिंतीशी टेकवलेली पिशवीही त्यांनी उचलली. "वाट मोकळी आसू द्या, ताई."

तेवढ्यात आतून एक म्हातारी भिंतीला हात लावत बाहेर आली. भाऊसाहेबांच्या सासूबाई. त्यांची बायको वारल्यावर या लोणंदला मुलाकडे गेल्या असतील, अशी माझी समजूत होती.

"कोण आलंय?"

"हापिसातल्या ताई हायत, मामी."

"च्या टाकते," म्हणत मामी तशाच वळल्या.

मी हळूच म्हटलं, "सांगलीत चांगलं घर बघू की. तळमजल्याचं."

"घर मिळंल हो. पर डोळं गेल्यावर ह्या भिंती पाठ करायला मामींना दोन वर्सं गेली. आता कुटं एकट्या ग्यास पेटवत्यात. नव्या घरात न्हेलं तर परत खाटंवर बसून ऱ्हातील."

"आणि मुलगा?"

"त्यो बोलावतोय. ह्याच जात न्हाईत. हितल्या भांड्यांना लेकीचा हात लागलाय म्हणत्यात."

आत मामी काठावर बोट धरून कपात चहा ओतत होत्या. भाऊसाहेबांचा हात आपसूक पुढं झाला आणि अर्ध्यावर थांबला. चहा सांडला नाही. त्यांनी हात मागं घेऊन मांडीवर ठेवला.

मी सांगलीचा विषय पुन्हा काढला नाही.

शुक्रवारी नकार गेला. त्या जागेवर त्यांच्याच हाताखाली शिकलेला एकजण गेला. आता तो तपासणीला कराडला येतो, तेव्हा भाऊसाहेब उठून त्याला स्वतःची खुर्ची देतात, "साहेब" म्हणतात आणि उभ्याउभ्या फायली दाखवतात. ऑफिस सुटलं की मात्र या साहेबांसाठीही थांबत नाहीत. "मामी वाट बघत आसतील," म्हणतात आणि डबा उचलून घरी जातात.