कुंकवाचा ठिपका वर

पाहुणा घरात आला की चपला काढतो, पाणी मागतो. इंदूरच्या आमच्या छत्रीबागेतले बाबूराव घारपुरे आधी भिंतीपाशी उकिडवे बसत आणि रेडिओचा प्लग तपासत. पाणी नंतर. घरातली माणसं त्याच्याही नंतर.

खिशात पेनाशेजारी टेस्टर असायचाच. आमच्या रेडिओचं एक बटण गळून आतला लोखंडी दांडा उघडा पडला होता. नवं बटण आणायचं मी रोज विसरत असे. बाबूराव त्या दांड्याला टेस्टर लावत. टेस्टरचा दिवा लागला की “उलटा है, भिया!” म्हणत प्लग उपटायचा, फिरवून पुन्हा खोचायचा. दिवा लागेनासा झाला की “आता सीधा!” आणि लगेच प्लगच्या वरच्या अंगाला कुंकवाचा ठिपका. कुंकू अर्थात माझ्या आईच्या करंड्यातलं.

त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते म्हणे. पणतवाच्या वाट्याला शत्रू आला तो दोन पिनांचा. पुतण्यासाठी मुलगी बघायला पलासियाला गेले, तर पोहे यायच्या आत हे रेडिओमागे शिरले. मुलीच्या बापाला वाटलं, हुंड्यात रेडिओ हवाय. बिचाऱ्याला घाम फुटला.

मी शाळेत विज्ञान शिकवी. एकदा न राहवून म्हणालो, “बाबूरावजी, ही एसी वीज. सेकंदात पन्नासदा तिची उलटापालट होते. तिला कसलं आलंय सीधं आणि उलटं?”

“बिजली पलटत असेल, भिया. तार थोडीच पलटते? एक तार गरम, एक ठंडी. ह्या रेडिओचा आतला पत्रा, अन् त्यातून हा दांडा, सरळ एका तारेला जोडलेला. ती ठंडीच पाहिजे. नाही तर हात लावणाऱ्याचं काम तमाम!”

“पण दांड्याला हात लावायचा कशाला? बाहेर चांगली लाकडी पेटी आहे.”

एवढा एक प्रश्न आला की ते टेस्टर खिशात टाकून पाणी मागत. स्वतःचा रेडिओ त्यांनी विकून टाकला होता, तो का, हेही सांगत नसत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, कानांनी अधू. संध्याकाळी गाण्याला आमच्याकडे येत आणि पेटीवर हात ठेवून बसत. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मला वाटे, कौतुक असेल.

ते मध्यभारत राज्याचे दिवस. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. बाबूराव सचिवालयात हेडक्लार्क, त्यामुळे दसरा झाला की फायलींबरोबर त्यांचीही रवानगी. तिकडे बिऱ्हाड मिळत नसे, म्हणून काकू इथंच एकट्या राहत.

त्या वर्षी खंडेनवमीला आईनं विळी, शिवणयंत्र, माझी सायकल आणि रेडिओ अशी सगळी हत्यारं पुसून काढली आणि पूजा केली. प्लगही पुसला. त्याला एकाच अंगाला कुंकू बरं दिसेना, म्हणून दोन्ही अंगांना लावलं. मी तो तसाच खोचला आणि रेडिओ लावला.

संध्याकाळी काकू येऊन नेहमीच्या जागी बसल्या. मागोमाग बाबूराव आले आणि सवयीनं प्लगपाशी वाकले. “अरे भिया, ठिपका वरही आहे अन् खालीही! सीधा कुठला?” टेस्टरसाठी खिशात हात घातला, तर टेस्टर ग्वाल्हेरच्या वळकटीत बांधलेला. इकडे काकूंची बोटं पेटीवरून त्या उघड्या दांड्याकडे निघाली होती. “थांबा काकू!” मी ओरडलो. आई ओरडली. काकूंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बाबूरावांनी झेप घेतली आणि काकूंच्या आधी आपल्याच मुठीत तो दांडा पकडला.

काहीही झालं नाही. गाणं चालू राहिलं. बाबूरावांनी हळूच एक डोळा उघडला. “सीधा है,” म्हणाले, पण मूठ सोडली नाही. आईनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

“अहो, प्लगच उपटायचा ना!” मी म्हणालो.

“सुचलंच नाही, भिया.”

मग दुसऱ्या हातानं पाणी पिऊन त्यांनी सांगितलं. काकूंना ऐकू येतं ते कमी नव्हे, अजिबातच येत नाही. लग्नाआधी त्या गात असत. आता गाणं त्यांना हाताला कळतं. “आमच्या घरी एकदा प्लग उलटा लागला. हिला झटका बसला. म्हणाली, आता गाणंसुद्धा चावतं मला. वर्षभर रेडिओजवळ गेली नाही. शेवटी विकला. मग तुमच्याकडे येऊ लागली, मंडईमागच्या जोशांकडे जाऊ लागली. ही जाईल तिथं मला आधी जायला हवं की नाही?”

काकूंना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी दांड्यावरचा नवऱ्याचा हात बाजूला सारला, तिथं आपला ठेवला आणि बोटांनी ताल धरला.

निघायच्या दिवशी बाबूराव टेस्टर माझ्या हातात देऊन गेले.

त्या संध्याकाळी काकू एकट्याच आल्या. नवं बटण मी सकाळीच आणून बसवलं होतं. तरीही त्यांना पाणी विचारायच्या आधी मी भिंतीपाशी उकिडवा बसलो आणि रेडिओच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग मी काकूंकडे वळून हातानंच म्हटलं, या.