मागचे दोन ट्रॅक

अहमदपूरच्या बाजारात कुणी भेटलं की माणसं पाऊसपाणी विचारतात, पोराबाळांचं विचारतात. मन्मथप्पा "शरणार्थ!" असा नमस्कार घालून विचारतात, "तुमच्या लग्नाचं कच्चं हाय का?"

परवा एका घरी मयताला भेटायला गेले. पाच मिनिटं रीतसर बसले, दोन शब्द बोलले आणि उठताना घरधन्याच्या कानाशी लागून तेच विचारलं. त्याला वाटलं, म्हातारा चळला.

कच्चं म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेलं, काटछाट न केलेलं रेकॉर्डिंग. जळकोटपासून मुरुडपर्यंत आप्पांनी शेकड्यानं लग्नं शूट केली. पण डिस्क भरली की पुसायची आणि पुढच्या मांडवात जायचं, ही त्या धंद्याची रीत. त्यामुळं स्वतःचंच काम त्यांच्याकडं नाही. आता ते दारोदार मागत फिरतात.

मी शाळामास्तर. आईच्या पंच्याहत्तरीला हॉलमध्ये दाखवायला लॅपटॉपवर एक फिल्म करत होतो. ताईच्या लग्नाचं आप्पांनीच काढलेलं कच्चं माझ्या कपाटात निघालं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर चित्र झकास, आवाज शून्य. आई मांडवात हात नाचवून व्याह्यांना काहीतरी सुनावतेय आणि ऐकू काही येत नाही! आता आईचा आवाज वजा केला तर आईत उरतं काय? नेटवरनं फुकटचं कन्व्हर्टर उतरवलं. आवाज आला, पण आई विहिरीतून बोलायला लागली. कार्यक्रम रविवारी. गेलो मुकाट आप्पांकडं.

"हे काय केलं वो सर?" आप्पा खेकसले. "त्या कॅमेऱ्याला चहूबाजूंनी कान होते. त्यानं सहा वाट्यांत वाढलंय. एक समोरच्याची, दोन डाव्या-उजव्या, दोन मागच्या आन् एक ढोलाच्या दणक्याची. तुमच्या सॉफ्टवेअरला ते वाढप कळंना, आन् तुम्ही समदं कालवून ठिवलं. खीर आन् ठेचा एका घासात!"

मग त्यांनी एकेक आवाज सुटा केला. सहा वेगळ्या फायली झाल्या, चित्राखाली एकाखाली एक सहा पट्ट्या लागल्या. समोरची वर घेतली, ढोलाची दाबली, मागच्या दोन हलक्या करून डाव्या-उजव्यात सोडल्या. आई विहिरीतून बाहेर आली आणि "जेवणाचं आम्हाला शिकवू नका" हे वाक्य असं खणखणीत आलं की मी खुर्चीत सावरून बसलो.

काय कान आहे त्या माणसाचा! "ही खुर्ची सरकली, चौथ्या रांगेतली." "हा पोरगा रडंना गेलाय, नाटक करायलाय." मागच्या पट्ट्यांमध्ये तर अख्ख्या तालुक्याची गुपितं. कुणी भाजीला नावं ठेवलेली, कुणी नवरदेवाला. आप्पा सगळं ऐकतात, पण आजवर एक शब्द त्यांच्या तोंडातून फुटलेला नाही. "मागचं ऐकलेलं पुढं सांगायचं नसतंय, सर." एवढं मात्र खरं, की एखाद्या घरच्या गेलेल्या माणसाचा आवाज तिथं सापडला तर आप्पा तेवढाच साफ करून स्वतः नेऊन देतात.

"पण तुम्ही नेमकं शोधता काय?" मी विचारलं.

त्यांनी हेडफोन गळ्यात घेतला.

"आमच्या घरची लाईट धरायची. माझ्या मागं. प्रत्येक लग्नात."

शिवकांताकाकू, आप्पांची बायको. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. हजारो माणसं त्यांच्या उजेडात फिल्ममध्ये आली आणि त्या एकाही चित्रात नाहीत. आप्पांच्या कॅमेऱ्यापुढं त्या कधी आल्याच नाहीत, कारण त्या कामावर होत्या.

"एका लग्नात बायांनी तिला नाव घ्यायला लावलं. माझं. मला मागून ऐकू आलं, पर मी वळलो न्हाई. शॉट चालू होता. कंचं लगीन, तेच ध्यानात न्हाई. सापडलं तर तिच्या तोंडून एकडाव माझं नाव ऐकायचंय, बास."

आप्पांनी हेडफोन परत कानांवर घेतला आणि ताईच्या लग्नाच्या मागच्या दोन पट्ट्या लावल्या. पडद्यावर ताई उखाणा घ्यायला लाजत होती. आप्पा एकदम ताठ झाले आणि त्यांनी हेडफोनची वायर उपसली. आवाज खोलीत आला.

"शिवकांताबाई, तुमी बी घ्या की!"

"अगं बाई, माझ्या हातात लाईट हाय." बाया हसल्या. मग खाकरून, हळूच, "हातात धरली लाईट, डोक्यावर घेतला पदर..."

"ए मागं! गप बसा की! शॉट चालू हाय!"

तो आवाज आप्पांचा होता. तरणा, करडा.

पट्टीवर नुसती शांतता. मग एक बाई कुजबुजली, "अर्धंच ऱ्हायलं की वो." आणि काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्यंचं काम हाय. घरी गेल्यावर सांगीन त्यंना."

आप्पांनी ते तीनदा लावलं. चौथ्यांदा बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं. माझं तोंड म्हणजे मास्तराचं, प्रश्न विचारल्याशिवाय राहवतंय कुठं!

"मग घरी सांगितलं का काकूंनी?"

"मी इचारलंच न्हाई." आप्पा पडद्याकडंच बघत होते. "घरी आल्या आल्या टीव्हीला कॅमेरा जोडून आवाज तपासत बसलो. तुमच्या आईचा. लई चांगला आलता."