भास्करअण्णांची पात्रता

भास्करअण्णा आधी स्वतःची पात्रता सांगतात, मग बोलतात. न्हाव्याच्या खुर्चीत बसतानाही. "पाणीवापर संस्थेचा चेअरमन हुतो. पाटाचं पानी आधी टोकाच्या शेताला, मग वरच्याला. माझं रान सगळ्यात वर, माझाच ऊस वाळला. हां, आता मार कात्री."

बेलापूर गावात मी त्यांचा शेजारी, नवा भाडेकरू. संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर मोबाईल टेकवून अण्णा नुसतेच हातवारे करत. आवाज नाही. भाषणाची तालीम असेल, असं समजून मी खिडकीआड हसायचो. एकदा त्यांनी माझ्या वाय-फायचा पासवर्ड मागितला. "ऑफिसचा नियम आहे, देता येत नाही," म्हणालो. असा नियम नव्हता.

पुढे इंटरनेटचा कारभार ठरवणाऱ्या एका जागतिक समितीत सामान्य वापरणाऱ्यांसाठी जागा निघाली आणि अण्णांनी अर्ज ठोकला. मुलाखत मोबाईलवर, इंग्रजीत. दुभाषा मी, अण्णांच्या भाषेत 'अनुमोदक'. फेटा बांधून ते गच्चीवर बसले, कारण रेंज तिथंच. माझ्या घरी बसू, असं मी तेव्हाही म्हणालो नाही.

समितीच्या बाईंनी विचारलं, "तुम्हीच का?"

"सांगा त्यास्नी, इंटरनेट म्हंजे पाटच हाय. वरचे भिजवून घेत्यात, टोकाला वल बी पोचत न्हाई."

टोकाला आधी पाणी देणाऱ्या चेअरमनची पात्रता जोडून मी ते सांगितलं. काही विचारायला बाईंनी हात वर केला आणि चित्र तिथंच थिजलं.

"गेली रेंज. उठा अण्णा, संपलं."

"हात वर हाय त्यांचा. बोलनं अर्ध्यात हाय. बसा."

त्या थिजलेल्या हाताकडे ते अदबीनं बघत राहिले.

"कंटाळा नाही येत?"

"सवय हाय. आमची सुमन मिरजगावला दिलीया. जन्मापासनं ऐकू येत न्हाई, हातानं बोलती. चित्र अडकलं की तेवढ्यापुरती मुकी. हात तसाच वर. मी फोन ठिवत न्हाई. बापानं पाठ फिरवली, असं वाटायचं तिला."

म्हणजे रोज संध्याकाळी मी त्या बापलेकींच्या गप्पांना हसत होतो.

मी मोबाईल घेतला आणि पासवर्ड घातला. माझं वाय-फाय भिंतीपलीकडेच होतं. बाईंचा हात खाली आला. त्यांचा प्रश्न राहिला होता: वरच्या शेतकऱ्यांनी तुमचं ऐकलं कसं?

अण्णांनी मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सांगा त्यास्नी," ते हळू म्हणाले, "येळ लागतो. पन ऐकत्यात."

एवढं इंग्रजीत सांगायला मला फार वेळ लागला.